वृक्षारोपणापूर्वी शरीराची मशागत

सन्माननीय विश्वस्त, उदार देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या हाती वार्षिक अहवाल देताना हिशेबाच्या व उपचारांच्या आकड्यांसोबत आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख द्यावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वर्षी आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता रुग्णालयाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. तो विषय म्हणजे वृक्षारोपणाच्या हंगामापूर्वी करावयाची शारीरिक पूर्वतयारी. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बाह्यरुग्ण विभागात जे रुग्ण येतात, त्यांतील अनेकांचे दुखणे याच कामाशी निगडित असते. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या मनगटाला सूज असते, कोणी उन्हात चक्कर येऊन पडलेले असते. यातील बरीचशी दुखणी औषधाने बरी करण्यापेक्षा आधीच टाळणे सोपे आहे. ते कसे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

कन्हैयालाल मुनशी यांनी केंद्रीय मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा हा झाडे लावण्याचा आठवडा म्हणून देशभर ओळखला जातो. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याची मोहीम हाती घेण्यात आली. पुढे २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी, अशी उद्दिष्टे वाढत गेली. रोपे किती लावली व किती जगली याची चर्चा आपल्याकडे होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र ती रोपे ज्या हातांनी लावली त्या हातांचे, त्या पाठींचे काय झाले, याची चर्चा क्वचितच होते.

रोपवाटिकेतील एक रीत येथे लक्षात घेण्यासारखी आहे. सावलीत, रोजच्या पाण्यावर वाढलेले रोप थेट माळरानावर नेले तर ते कोमेजते. म्हणून लागवडीपूर्वी काही आठवडे सावलीची जाळी काढतात, पाणी हळूहळू कमी करतात, पिशव्या हलवून जमिनीत उतरलेली मुळे छाटतात. याला रोप काटक करणे म्हणतात. रोपासाठी जी काळजी आपण घेतो ती रोप लावणाऱ्या माणसासाठी मात्र घेत नाही. वर्षभर खुर्चीवर बसणारा स्वयंसेवक एका रविवारी सकाळी डोंगरउतारावर उभा राहतो, किंवा चार महिने काम न मिळालेला मजूर पहिल्याच दिवशी कडक उन्हात पूर्ण मापाचे खड्डे खणू लागतो. शरीर काटक होण्यास वेळ लागतो, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

कामाचे खरे माप

‘झाड लावणे’ या दोन शब्दांत किती श्रम दडलेले आहेत, ते आधी पाहू. आपल्याकडे हा हंगाम तीन टप्प्यांचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत खड्डे खोदतात. जून-जुलैत पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावतात. त्यानंतर निंदणी, आळे करणे, माती भुसभुशीत करणे आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावणे ही कामे चालतात.

यांतील सर्वांत जड टप्पा खड्ड्यांचा होय. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी ४५ सेंटिमीटर असलेल्या एका खड्ड्यातून सुमारे ९१ लिटर माती निघते. मुरमाड जमिनीत तिचे वजन साधारणतः सव्वाशे ते दीडशे किलो भरते. फावड्याच्या एका खेपेत चार-पाच किलो माती उचलली जाते असे धरले, तर एका खड्ड्यासाठी तीसएक वेळा वाकावे लागते. दहा खड्ड्यांसाठी तीनशे वेळा, आणि तेही कुदळीचे किंवा टिकावाचे घाव वेगळे. तीन मीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरात सुमारे १,१११ रोपे बसतात. त्यांच्यासाठी केवळ ३० सेंटिमीटरचे खड्डे घेतले तरी एकंदर ३० घनमीटर, म्हणजे सुमारे ४५ टन माती हलवावी लागते.

लागवडीचा टप्पा त्या मानाने हलका वाटतो, परंतु त्याचे कष्ट वेगळ्या प्रकारचे असतात. ओल्या मातीने भरलेल्या लहान पिशवीतील रोप एक-दीड किलोचे असते. मोठ्या पिशवीतील उंच रोप पाच-सहा किलोंचे किंवा त्याहून जड असते. ही रोपे गाडी थांबते तेथून निसरड्या चढावर हातांनी न्यावी लागतात. मग प्रत्येक रोपासाठी वाकणे, बसणे, उठणे आणि पुढे सरकणे असा क्रम दिवसभर चालतो.

जगात इतरत्रही या कामाकडे गांभीर्याने पाहिले गेले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तोडलेल्या जंगलांच्या जागी पुन्हा लागवड करणारे हंगामी कामगार रोपामागे ठरलेल्या दराने मोबदला घेतात व दिवसाला हजाराहून अधिक लहान रोपे लावतात. या कामाने हृदयावर व स्नायूंवर पडणाऱ्या ताणाचा अभ्यास १९९३ साली ‘अर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्याच प्रांतातील सेल्कर्क महाविद्यालयाच्या डेलिया रॉबर्ट्स यांनी या कामगारांसाठी हंगामापूर्वीच्या व्यायामाचा कार्यक्रम तयार केला. तेथील थंड हवा, लहान रोपे आणि मऊ माती आपल्याकडे नाही. आपल्याकडे ऊन आहे, मुरूम आहे आणि मोठा खड्डा आहे. तेव्हा पूर्वतयारीची गरज आपल्याला अधिकच म्हणावी लागेल.

शरीरात काय घडते

पूर्वतयारीसाठी वेळ का लागतो, हे समजण्यासाठी शरीराच्या चार घटकांचा विचार करावा लागतो.

पहिला घटक हृदय व फुप्फुसे. दिवसभर चालणारे काम आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण एक-तृतीयांशापेक्षा अधिक जड नसावे, असा श्रमविज्ञानातील सर्वमान्य आडाखा आहे. समजा एखाद्याची क्षमता १०० मानली आणि कामाला ४५ एकक शक्ती लागत असली, तर तो माणूस दुपारपर्यंत गळून जाईल. काही आठवड्यांच्या चालण्याने व चढण्याने त्याची क्षमता १२० झाली, तर तेच काम त्याच्या क्षमतेच्या ३७-३८ टक्क्यांवर येते. काम तेवढेच राहते, पण माणसाला ते हलके होते.

दुसरा घटक स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोर वाढल्यासारखा वाटतो. त्याचे मुख्य कारण मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंचा अधिक चांगला उपयोग करू लागते, हे असते. स्नायू प्रत्यक्ष बळकट होण्यास त्याहून अधिक काळ लागतो आणि कंडरे तर स्नायूंच्याही मागून येतात. ‘आता अंगात ताकद आली’ असे वाटून माणूस एकदम जड काम करतो आणि मनगट, कोपर किंवा टाच दुखावून बसतो, त्यामागचे कारण हेच होय. म्हणून आमचा आग्रह सहा ते आठ आठवड्यांचा आहे.

तिसरा घटक कंबर. जर्मनीतील उल्म येथील विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या मणक्यांमधील चकतीत दाबमापक बसवून घेतलेली मोजमापे १९९९ साली प्रसिद्ध झाली. सरळ उभे असताना जो दाब होता, तो पुढे वाकताच दुपटीहून अधिक झाला. पाठ गोल करून २० किलो वजन उचलताना तो साडेचार पटींच्या वर गेला. तेच वजन गुडघे वाकवून व पाठ सरळ ठेवून उचलले तेव्हा दाब साडेतीन पटींच्या आत राहिला. वजन अंगालगत धरण्याऐवजी छातीपासून ६० सेंटिमीटर दूर धरले, तेव्हाही दाब लक्षणीय वाढला. भरलेले घमेले हात लांब करून उचलणाऱ्याची कंबर का धरते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

चौथा घटक उष्णता. उन्हात काम करण्याची सवय शरीराला साधारण सात ते चौदा दिवसांत लागते. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे जाणारे मीठ कमी होते. म्हणून अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस अशी आहे की, उन्हाच्या कामावर नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या एक-पंचमांश वेळच काम करावे व रोज तेवढीच वाढ करावी. जुन्या, अनुभवी माणसाने खंडानंतर परतताना पहिल्या दिवशी निम्मे, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी टक्के व चौथ्या दिवशी पूर्ण काम करावे. ही सवय घरात पंख्याखाली व्यायाम करून लागत नाही आणि आठवडा-दोन आठवडे उन्हापासून दूर राहिल्यास ती मोठ्या प्रमाणात ओसरते.

प्रथम तपासणी

व्यायामास आरंभ करण्यापूर्वी काही व्यक्तींनी वैद्यकीय सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. चालताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे, जिना चढताना पूर्वीपेक्षा अधिक धाप लागणे, भोवळ येणे, अशी लक्षणे असणाऱ्यांनी विलंब करू नये. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा अंतर्गळ (हर्निया) असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी, तसेच वयाची चाळिशी ओलांडलेल्या व बैठे काम करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात. त्या घेणाऱ्यांना उन्हात पाणी कमी पडण्याचा धोका अधिक असतो. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेही व्यक्तींनी रोज रात्री पायांची तपासणी करावी, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला बुटाचा फोड जाणवतही नाही.

सर्वांनीच वजन, रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन या चार गोष्टी हंगामाच्या दोन महिने आधी तपासून घ्याव्यात. मातीत व जुन्या पत्र्याकाट्यांत काम करणाऱ्याने गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली आहे किंवा नाही, हेही पाहावे.

हिमोग्लोबिनचा विशेष उल्लेख करण्याचे कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लागवडीच्या कामात रोपे वाहणे, पाणी घालणे, निंदणी करणे ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर प्राणवायू स्नायूंपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मग कितीही व्यायाम केला तरी धाप लागतच राहते आणि त्या बाईला ‘आळशी’ असा शब्द ऐकावा लागतो. प्रौढ स्त्रीमध्ये १२ व पुरुषामध्ये १३ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजतात. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी जूनमध्ये करून उपयोग नाही. ती एप्रिलमध्येच व्हावयास हवी. गोळी घेताना सोबत लिंबू किंवा आवळा असावा आणि चहा मात्र तास-दोन तास दूर ठेवावा.

आठ आठवड्यांचा क्रम

पुढील क्रम जुलैच्या आरंभी लागवडीला जाणाऱ्या स्वयंसेवकासाठी आहे. त्याने मेच्या पहिल्या आठवड्यात आरंभ करावा. खड्डे खोदण्याच्या कामावर जाणाऱ्याने हाच क्रम दोन महिने आधी घ्यावा. यासाठी व्यायामशाळेची किंवा खर्चाची गरज नाही. एक पाण्याची बादली, एक काठी आणि घरातील जिना पुरेसा आहे.

पहिला व दुसरा आठवडा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भराभर चालावे. चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग योग्य समजावा. एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, असे दोनदा करावे. भिंतीला हात टेकून जोर काढावेत. उताणे झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलण्याचे सेतुबंधासन करावे. एका पायावर तीस सेकंद उभे राहावे. उतारावर तोल सांभाळण्याची ती उत्तम तालीम आहे.

तिसरा व चौथा आठवडा. चालण्याचा वेळ पाऊण तासापर्यंत न्यावा व त्यात दोन दिवस जिना किंवा टेकडी घ्यावी. गुडघे दुखत नसल्यास पूर्ण उठाबशा बाराच्या तीन फेऱ्या कराव्यात. दोन्ही हातांत पाच-पाच लिटर पाण्याच्या बादल्या घेऊन पंचवीस-तीस पावले ताठ चालावे. कोपर व पायाची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरावे. आरंभी पंधरा सेकंदही पुरेत.

याच काळात योग्य प्रकारे वाकण्याचा सराव करावा. काठी पाठीवर उभी धरावी. ती डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली असावी. मग गुडघे किंचित मोडून, नितंब मागे नेत खुब्यातून वाकावे. तिन्हींपैकी एका ठिकाणची काठी सुटली की पाठ गोल झाली असे समजावे. हा सराव रोज दहा वेळा केल्यास महिन्याभरात शरीर तो आपोआप करू लागते. आमच्या मते संपूर्ण क्रमातील ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

पाचवा व सहावा आठवडा. पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन टेकडी चढावी व उतरावी. उतरताना मांड्यांना जो ताण पडतो, तो चढताना पडत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या प्रामुख्याने उतरल्यामुळे. बादल्यांतील पाणी आठ ते दहा लिटरपर्यंत वाढवावे. ज्यांना सूर्यनमस्काराची सवय आहे त्यांनी ते सहा ते बारा घालावेत. अंगणात किंवा शेताच्या बांधावर दहा मिनिटे फावडे चालवावे व दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा हात बदलावा.

सातवा आठवडा. आता प्रत्यक्ष कामाची तालीम. दोन-तीन दिवस कुदळ, फावडे व घमेले घेऊन वीस ते तीस मिनिटे काम करावे आणि ते सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरू करून क्रमाने थोड्या अधिक उन्हात न्यावे. ज्या बुटांनी लागवडीला जायचे तेच बूट घालावेत. नवे बूट लागवडीच्या दिवशी प्रथम घालू नयेत.

आठवा आठवडा. सर्व व्यायाम निम्म्यावर आणावा, मात्र उन्हातील चालणे चालू ठेवावे. झोप पूर्ण घ्यावी. शरीराला बळ येते ते व्यायामाने दिलेला ताण विश्रांतीत भरून काढताना, हे ध्यानात ठेवावे.

या काळात अंग दुखणारच. दुखणे कोणते व इशारा कोणता, हे ओळखण्याची खूण अशी: दोन्ही बाजूंना सारखे, स्नायूंत पसरलेले आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारे दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात एकाच बिंदूवर टोचणारे, रात्री झोपमोड करणारे, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आणणारे दुखणे स्वाभाविक नाही. अशा वेळी थांबून डॉक्टरांना दाखवावे.

आहार व पाणी

श्रमाच्या दिवसांत आहाराचे अवडंबर नको, पण उपासमारही नको. भाकरी, पिठले, मटकीची वा हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे-गूळ, दही-ताक आणि चालत असल्यास अंडी वा मासे, एवढ्यात शरीराची गरज भागते. सकाळी केवळ चहा घेऊन टेकडी चढणे मात्र टाळावे.

उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. तथापि तासाला दीड लिटरहून अधिक पाणी पिणेही धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते. दीर्घ काळ घाम येत असल्यास मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत घ्यावे. जुलाब होऊन अशक्तपणा आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून द्यावे. चमचा चहाचा असावा.

दोन लक्षणे सर्वांनी पाठ करून ठेवावीत. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन, अंगावर भरपूर पाणी ओतून, वारा घालत तत्काळ रुग्णालयात आणावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. दुसरे लक्षण म्हणजे अतिश्रमानंतर लघवीचा रंग चहासारखा काळपट होणे. सवय नसताना एकदम केलेल्या श्रमाने स्नायूंचे तंतू तुटतात, त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांत अडकतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हा विकार दुखण्याच्या गोळीने घरी बरा होत नाही. उलट त्या गोळ्यांपैकी काहींनी मूत्रपिंडांना अधिक इजा पोहोचते.

कामाच्या जागी

पूर्वतयारी कितीही चांगली झाली तरी कामाची रीत चुकल्यास तिचा लाभ मिळत नाही. रोप लावताना कमरेतून वाकण्याऐवजी एक गुडघा टेकून बसावे आणि काही रोपांनंतर गुडघा बदलावा. घमेले अर्धेच भरावे, अंगालगत धरावे. माती टाकताना कंबर पिळू नये, पाऊल वळवावे. फावड्याचा दांडा इतका लांब असावा की पाठ फार वाकवावी लागू नये. खोदणे, वाहणे व लावणे ही कामे तासाभराने आपसात बदलून घ्यावीत, म्हणजे एकाच सांध्यावर दिवसभराचा भार पडत नाही. भर दुपारचे दोन-तीन तास सावलीत काढावेत आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती असावी.

मजुरांचा प्रश्न

येथवर जे लिहिले ते स्वयंसेवकाला सहज करता येईल. त्याला महिन्याचा पगार ठरलेला असतो, सकाळी फिरावयास वेळ असतो. परंतु लागवडीचे खरे ओझे ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या मजुरांची स्थिती भिन्न आहे आणि ती न सांगता हा लेख पुरा केला तर तो अप्रामाणिक ठरेल.

मजुरांमध्ये दोन प्रकार आढळतात. काही जणांना हिवाळ्यानंतर कामच मिळालेले नसते. त्यांचे शरीर कामाच्या सवयीतून सुटलेले असते. दुसरे ऊसतोडीसारख्या कामावरून मार्च-एप्रिलमध्ये परतलेले असतात. त्यांना व्यायाम सांगणे ही थट्टा होईल. त्यांचे शरीर कमावलेले असते, पण थकलेले असते. त्यांना विश्रांती, पोटभर अन्न, रक्ताची तपासणी आणि जुन्या दुखापतींवर उपचार हवे असतात. एकाला हळूहळू वाढता भार हवा, तर दुसऱ्याला आधी उसंत हवी. दोघांना एकाच दिवशी, एकाच मापाचे खड्डे खणावयास लावणे वैद्यकीय दृष्ट्या चुकीचे आहे.

अडचण अशी की, खड्ड्यामागे दर ठरलेला असला की पहिल्या आठवड्यात सावकाश काम करणे मजुराला परवडत नाही. अर्धे खड्डे खणले तर अर्धीच मजुरी मिळणार. म्हणून तो पहिल्याच दिवशी जीव तोडून काम करतो, तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो आणि उरलेल्या आठवड्याची मजुरी बुडते. घरात कमावणारा एकच असेल तर त्या कंबरेबरोबर मुलाची वह्या-पुस्तके व म्हाताऱ्यांची औषधेही अडतात. या चक्रातून बाहेर पडणे एकट्या मजुराच्या हाती नाही. ते काम देणाऱ्याच्या हाती आहे.

म्हणून आमच्या देणगीदारांना व विश्वस्तांना, ज्यांपैकी अनेक जण आपापल्या संस्था व उद्योगांमार्फत वृक्षारोपणाचे उपक्रम राबवितात, आम्ही नम्रपणे चार गोष्टी सुचवू इच्छितो. पहिल्या आठवड्यात खड्ड्यांचे उद्दिष्ट कमी ठेवून मजुरी मात्र पूर्ण द्यावी. हंगामाच्या दोन महिने आधी मजुरांचे हिमोग्लोबिन, रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि दोष आढळल्यास कामावरून न काढता उपचार सुरू करावेत. कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी व हलकी, योग्य दांड्याची अवजारे पुरवावीत. स्वयंसेवकांना निमंत्रण देताना तारखेबरोबर दोन महिन्यांच्या पूर्वतयारीचा क्रमही कळवावा. रोपे, खत व कुंपण यांच्या खर्चाबरोबर हा खर्च अंदाजपत्रकात धरला, तर तो फार मोठा नाही आणि त्याचे फळ लागवडीतही दिसेल. घाईने, थकल्या हातांनी खणलेला उथळ खड्डा रोपालाही मानवत नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक विनंती. आपल्या घरातून कोणी या कामावर जात असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवावा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना काठीने वाकण्याचा सराव आणि लघवीच्या काळपट रंगाचा इशारा, या दोन गोष्टी तरी अवश्य सांगाव्यात.

माळरानावर लावलेले रोप मोठे होऊन सावली देऊ लागेपर्यंत बरीच वर्षे जातात. तेवढी वर्षे त्याला आळे करणारे, पाणी घालणारे, राखण करणारे हात लागतात. ते हात पहिल्याच हंगामात निकामी होऊ नयेत, एवढीच आमची इच्छा.  येत्या हंगामात आपण लावलेली रोपे जगोत आणि ती लावणारी माणसेही निरामय राहोत, ही शुभेच्छा.